सोन्याच्या दगडातली सूक्ष्म मूलद्रव्ये आणि एक्सआरएफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथले भूशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी कर्नाटकातल्या खाणींचे नमुने आणतात. अधूनमधून विहिरीच्या खोदकामात चमकणारा दगड सापडलेला एखादा शेतकरीही येतो. दोघांचे प्रश्न वेगळे वाटले तरी बऱ्याचदा एकाच ठिकाणी येऊन थांबतात, म्हणून ते इथे एकत्र दिले आहेत. जिथे लोक जास्त अडकतात तिथली उत्तरे लांब आहेत.

एक्सआरएफमध्ये नेमके काय होते?

एक्सआरएफ म्हणजे एक्स-रे फ्लुओरेसन्स. यंत्रातली नळी नमुन्यावर क्ष-किरण सोडते. त्यांच्या माऱ्याने अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. रिकाम्या जागेत बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उरलेली ऊर्जा पुन्हा क्ष-किरणाच्या रूपात बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. लोखंडाची ६.४० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक), तांब्याची ८.०५, सोन्याची ९.७१. ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखायचे आणि किरणांच्या संख्येवरून त्याचे प्रमाण काढायचे. ऊर्जा आणि अणुक्रमांक यांचा हा संबंध हेन्री मोजली यांनी १९१३ मध्ये दाखवून दिला.

सराफाकडचे मशीन मिनिटभरात टंच सांगते. मग तेच मशीन दगडातले सोने का सांगत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. तत्त्व दोन्हीकडे तेच, कधीकधी यंत्रही त्याच कंपनीचे. फरक प्रमाणाचा आहे.

२२ कॅरेटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोने असते, म्हणजे दहा लाख भागांत ९,१६,००० भाग. खाणीतून काढायला परवडणाऱ्या दगडात सोने टनामागे काही ग्रॅम असते. टनाला ५ ग्रॅम धरले तर दहा लाख भागांत ५ भाग, म्हणजे ५ पीपीएम. दागिन्याच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे एक लाख ८३ हजार पटींनी कमी झाले. यंत्र ऊर्जेनुसार किरणांच्या संख्येचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, काढते; त्यातल्या शिखराला पीक (peak) म्हणतात. दागिन्यात सोन्याचे पीक आभाळाला टेकते. दगडात ते पार्श्वभूमीच्या खडबडीत बुडून जाते, आणि शेजारच्या मूलद्रव्यांची पीके त्यावर चढतात ती वेगळीच.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. दागिन्यात सोने सगळीकडे सारखे पसरलेले असते, दगडात ते कणाकणांनी असते. हिशेब करून पाहा. १०० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा, सोन्याचा एक गोल कण घ्या. सोन्याची घनता १९.३ असल्यामुळे त्याचे वजन सुमारे १० मायक्रोग्रॅम भरते. ५ ग्रॅमच्या पेलेटमध्ये (दगडाची भुकटी दाबून केलेल्या टिकलीत) हा एकच कण आला तर त्या पेलेटमधले सोने २ पीपीएम झाले, आला नाही तर शून्य. ज्वारीच्या पोत्यातून एक मूठ काढावी, तिच्यात पोत्यातला एकुलता एक खडा यावा आणि सगळे पोतेच खड्यांचे वाटावे, तसे हे होते.

त्यातही यंत्र पूर्ण पेलेट पाहत नाही. सोन्याचे ९.७१ केईव्हीचे किरण (त्यांना एल-अल्फा म्हणतात; के, एल ही अणूच्या कक्षांची नावे आणि अल्फा, बीटा या त्यांच्या वेगवेगळ्या रेषा) गारगोटीच्या भुकटीतून फार तर अर्ध्या-पाऊण मिलिमीटर खोलीवरून बाहेर येऊ शकतात, आणि लोहखनिज जास्त असेल तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. कण पेलेटच्या तळाशी बसला असेल तर यंत्राच्या लेखी तो नाहीच.

म्हणून हातातल्या यंत्राने साध्या दगडावर सोन्याचा काही पीपीएम आकडा दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नका. तो आकडा घेऊन जमिनीचा व्यवहार तर मुळीच करू नका.

मग सोन्याच्या धातुकावर, म्हणजे सोने असलेल्या दगडावर, एक्सआरएफ करायचेच कशाला?

सोने एकटे राहत नाही, म्हणून. ज्या गरम द्रावांनी ते खडकाच्या भेगांतून आणले, त्याच द्रावांनी आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ, टेल्युरियम, टंगस्टन, चांदी, तांबे, शिसे, जस्त यांतलीही काही मूलद्रव्ये आणली. यांना सोन्याची वाटाडी मूलद्रव्ये म्हणायला हरकत नाही. सोने ३ पीपीएम असेल तिथे आर्सेनिक शेकड्यांनी किंवा हजारांनी असू शकते, आणि हे प्रमाण एक्सआरएफ अगदी आरामात मोजते. शिवाय आर्सेनिक सोन्यापेक्षा खूप जास्त कणांत विखुरलेले असल्यामुळे ‘खडा आला की नाही’ ही अडचण त्याच्या बाबतीत बरीच कमी असते.

कर्नाटकातल्या हट्टी खाणीच्या धातुकात सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट हे आर्सेनिक, लोखंड आणि गंधकाचे खनिज आढळते. अशा ठिकाणी शंभर नमुने एक्सआरएफवर लावून आर्सेनिक चढलेले नमुने वेगळे काढायचे आणि तेवढेच महागड्या तपासणीला पाठवायचे, ही कामाची पद्धत आहे. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे खरे मोल इथेच आहे. सोन्याचा आकडा तुमच्याकडे नसला तरी आर्सेनिक, टंगस्टन, तांबे यांचा खडकातला उतार-चढाव नीट मांडला तर ते पक्के काम होते.

एक सावधगिरी हवी. आर्सेनिक सापडले म्हणजे सोने सापडले, असे नाही. दोघांचे नाते त्या त्या खाणपट्ट्यापुरते असते आणि दर ठिकाणी ते नव्याने सिद्ध करावे लागते.

मराठवाड्यात सोन्याचे धातुक आहे का?

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, तोच आपला काळा दगड. या थरांत सोन्याच्या शिरा मिळत नाहीत. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, किनवटच्या बाजूला बेसॉल्टखालचा जुना ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक उघडा पडला आहे. पण नुसता ग्रॅनाइट म्हणजे सोने नव्हे. महाराष्ट्रातल्या सोन्याच्या नोंदी विदर्भात, नागपूर–भंडाऱ्याच्या बाजूला आहेत.

आपल्याला जवळचा चालू सुवर्णपट्टा म्हणजे रायचूर जिल्ह्यातली हट्टी. १९५६ पर्यंत रायचूर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे नाव परके नाही. त्याच परिसरातल्या मस्कीचा अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सी. बीडन या सोने शोधणाऱ्या अभियंत्याच्या नजरेस पडला. हट्टीचा खडकही मुळात बेसॉल्टच, मात्र अडीच अब्ज वर्षांहून जुना, दाबाने आणि उष्णतेने पालटलेला. आपल्या बेसॉल्टवर शिकलेल्या विद्यार्थ्याने तो शेजारी ठेवून एकदा तरी पाहावा.

विहीर खोदताना पिवळा चमकणारा दगड निघाला. तो सोन्याचा आहे का?

बहुधा नाही. ग्रॅनाइटच्या पट्ट्यात बहुतेक वेळा ते झिजलेले अभ्रक असते. सुईने टोचले की त्याचे पातळ पापुद्रे सुटतात. पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे पिवळे खनिज, असेल तर हातोडीने त्याचा भुगा होतो. खरे सोने भुगा होत नाही, चपटे होते. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासून पाहा. पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळीच राहते.

दगड चुलीत किंवा शेगडीवर तापवून पाहू नका. त्यात आर्सेनिक असेल तर लसणासारखा वास येणारा विषारी धूर निघतो.

नमुना किती घ्यायचा आणि कसा दळायचा?

मुठीएवढ्या एका दगडावरून काहीही ठरत नाही. शिरेच्या आडव्या रेषेत, ठरावीक लांबीत, सलग तुकडे काढत एक-दोन किलो तरी जमवा. फक्त चमकणारे तुकडे वेचू नका. तसे केले की निकाल खडकाचा न राहता तुमच्या आवडीचा होतो.

घरी आणल्यावर नमुना वाळवा, जॉ क्रशरमधून काढा, ढीग करून चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन भाग ठेवा. हे पुन्हा पुन्हा करत शंभरेक ग्रॅमवर या, पण प्रत्येक पायरीला दगड आधी बारीक करून मगच वजन कमी करा. शेवटची भुकटी २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेली पाहिजे. चाळणीवर उरलेले फेकू नका, पुन्हा दळा. सोने दळले न जाता चपटे होते, त्यामुळे चाळणीवर नेमके तेच राहण्याची शक्यता असते.

आता दळण्याच्या भांड्याबद्दल. टंगस्टन कार्बाइडचे भांडे झटपट दळते आणि जाता जाता नमुन्यात टंगस्टन आणि कोबाल्ट सोडते. टंगस्टनची एक रेषा ९.६७ केईव्हीला येते, सोन्याची ९.७१ ला. म्हणजे भांड्यातून झिजलेले टंगस्टन पडद्यावर सोने होऊन दिसते! क्रोम स्टीलचे भांडे क्रोमियम आणि लोखंड घालते. अगेटचे, म्हणजे अकीक दगडाचे, भांडे हळू चालते, पण सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी तेच घ्या. ते नसेल तर कोणत्या भांड्यात दळले हे वहीत आणि अहवालात लिहा. दोन नमुन्यांच्या मध्ये थोडी स्वच्छ गारगोटी दळून टाकून द्या, आणि कमी प्रमाण अपेक्षित असलेले नमुने आधी दळा.

पेलेट करायची की वितळवून काचमणी?

सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी पेलेट. भुकटीत मेणाचा बाइंडर मिसळायचा, किंवा खाली बोरिक ॲसिडचा थर द्यायचा, आणि १५ ते २० टनांच्या दाबाखाली टिकली काढायची.

काचमणी करताना भुकटीत लिथियम बोरेट पाच ते दहा पट घालून सुमारे १०५० अंशांवर वितळवतात. सिलिका, ॲल्युमिना, लोह यांच्या टक्केवारीसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण कणांचा आकार आणि खनिजांचे भेद सगळे विरघळून जातात. पण नमुना इतका पातळ झाला की १० पीपीएमचे १ पीपीएम होते. आर्सेनिक आणि पारा तापमानाने उडून जातात. सल्फाइडे (गंधकाची खनिजे) आणि आर्सेनिक वितळवायचे प्लॅटिनमचे भांडे खातात, आणि ते भांडे काही लाखांचे असते. वर त्या भांड्याच्या मिश्रधातूत बहुतेकदा ५ टक्के सोने असते. सोन्याचे धातुक सोने असलेल्याच भांड्यात वितळवायचे, हे बरे नव्हे.

पेलेटबद्दल आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अँटिमनीचे के-अल्फा किरण २६ केईव्हीचे, ते खूप आतून येतात. त्यांच्यासाठी चार मिलिमीटरची पेलेटही पातळच ठरते. त्यामुळे सगळ्या नमुन्यांच्या आणि स्टँडर्डच्या पेलेट एकाच वजनाच्या करा, नाहीतर जाडीतला फरक अँटिमनीतला फरक म्हणून छापला जाईल.

आर्सेनिक आणि शिसे एकाच जागी दिसतात. वेगळे कसे करायचे?

आर्सेनिकची के-अल्फा १०.५४ केईव्हीला, शिशाची एल-अल्फा १०.५५ ला. इतका कमी फरक वेगळा काढणारे साधन प्रयोगशाळेत नसते. साध्या डिटेक्टरची विभेदनक्षमता सुमारे ०.१५ केईव्ही असते, आणि स्फटिकाने किरण वेगळे करणाऱ्या मोठ्या यंत्रालाही हे जमत नाही.

वाट अशी आहे. शिशाची दुसरी रेषा, एल-बीटा, १२.६१ ला मोकळी मिळते. तिच्यावरून शिसे मोजा, त्यावरून १०.५५ ला शिशाचा वाटा किती असेल ते काढा आणि एकूण पीकमधून वजा करा. उरले ते आर्सेनिक. यंत्राचे सॉफ्टवेअर हे आपोआप करते, पण शिसे हजारांत आणि आर्सेनिक दहांत असेल तर वजाबाकीनंतर उरलेल्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. एका मोठ्या आकड्यातून जवळपास तेवढाच दुसरा वजा केला की दोन्हींची अनिश्चितता तेवढ्या उरलेल्या तुकड्यावर येऊन बसते.

सोन्याची गत याहून कठीण आहे. त्याच्या एल-अल्फाला एका बाजूने जस्ताची के-बीटा ९.५७ ला खेटते आणि टंगस्टन तर वर चढतेच. एल-बीटाकडे, म्हणजे ११.४४ ला जावे तर ११.७३ ला आर्सेनिकची के-बीटा उभी असते. ज्या आर्सेनिकमुळे आपण सोन्यापर्यंत पोचतो, तेच सोन्याचे पीक झाकते. हट्टीच्या आणि कोलारच्या धातुकांत शीलाइट या खनिजाच्या रूपाने टंगस्टनही असते, तेव्हा ही अडचण नुसती पुस्तकी नाही.

यावर उपाय एकच : आकडा पाहण्याआधी स्पेक्ट्रम उघडून पाहा. सोन्याची एल-अल्फा आणि एल-बीटा दोन्ही योग्य प्रमाणात दिसत नसतील तर सोने दिसले असे म्हणू नका.

बेसॉल्टवर बसवलेले कॅलिब्रेशन (किरणांच्या संख्येवरून प्रमाण काढायचा हिशेब) सोन्याच्या दगडावर चालेल का?

जसेच्या तसे नाही. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असते, गारगोटीच्या शिरेत अगदी कमी. लोह निकेल, तांबे, जस्त यांचे किरण जोरात शोषून घेते, त्यामुळे तेवढेच तांबे असूनही बेसॉल्टमध्ये ते कमी दिसते आणि गारगोटीत जास्त. उलट क्रोमियमचे किरण लोहामुळे वाढतात. कोबाल्टवर तर लोहाची के-बीटाच येऊन बसते.

नळी ऱ्होडियमची असेल तर १९ केईव्हीच्या आसपासचे कॉम्प्टन पीक, म्हणजे नळीच्याच किरणांचे दगडावरून विखुरून आलेले पीक, कामाला येते. दगड जितका जास्त शोषणारा, तितके ते पीक लहान. मूलद्रव्याच्या पीकला या पीकने भागले की बराचसा फरक निघून जातो. मात्र हे लोहाच्या शोषण-कडेच्या (ज्या ऊर्जेपासून लोह किरण एकदम जोरात शोषू लागते तिच्या) वरच्या, म्हणजे ७.११ केईव्हीपुढच्या रेषांसाठीच नीट चालते.

निकालात ‘एनडी’ (नॉट डिटेक्टेड, म्हणजे सापडले नाही) आले. तिथे शून्य लिहायचे का?

नाही. ‘५ पीपीएमपेक्षा कमी’ असे, तुमच्या यंत्राची मर्यादा घालून लिहा. मोजण्याचा वेळ चौपट केला की मर्यादा निम्मी होते. ६० सेकंदांऐवजी २४० सेकंद मोजणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पण शेजारच्या पीकमुळे आलेली अडचण वेळ वाढवून जात नाही.

हातातले यंत्र चांगले की मोठे?

शेतात, खाणीत, कोअरच्या (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या कांड्यांच्या) पेट्यांवर चाळणी लावायला हातातले. प्रबंधात छापायचे आकडे मोठ्या यंत्राचे. हातातल्या यंत्राने ओल्या दगडावर किंवा मातीच्या ढेकळावर घेतलेला आकडा कामचलाऊ समजा, कारण पाणी हलक्या मूलद्रव्यांचे किरण खाते आणि बाकीच्यांचे प्रमाणही पातळ करते.

निकाल बरोबर आहे हे कशावरून समजायचे?

प्रत्येक तुकडीत तीन गोष्टी घाला. शुद्ध गारगोटीचा ब्लँक, म्हणजे भांड्यातून काय आले ते कळते. एका नमुन्याची दुसऱ्यांदा अगदी चौथाईपासून तयार केलेली भुकटी, म्हणजे नमुना काढण्यातली चूक कळते. तीच पेलेट पुन्हा मोजली तर फक्त यंत्राची स्थिरता कळते, आणि या दोन्हींत लोक गल्लत करतात. तिसरा प्रमाणित संदर्भ नमुना. बेसॉल्टसाठी अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचा बीएचव्हीओ-२ चालेल, पण सल्फाइड असलेल्या सोन्याच्या धातुकासाठी तसाच सल्फाइडी संदर्भ नमुना हवा.

मार्गदर्शकांना विनंती : विद्यार्थ्याने संदर्भ नमुन्याचा तक्ता जोडला नसेल तर बाकीचे तक्ते वाचण्याआधी तो मागा.

या कामात धोका किती?

यंत्राचे झाकण आणि इंटरलॉक नीट असतील तर किरणांचा धोका कमी आहे. हातातले यंत्र मात्र कोणाकडे रोखू नका आणि दगड हातात धरून मोजू नका. अशा यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. खरा रोजचा धोका धुळीचा आहे. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि आर्सेनोपायराइटची धूळ विषारी असते. दळताना नाकाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क आणि धूळ ओढणारा पंखा लावा. उरलेली भुकटी मोरीत ओतू नका.

याच यंत्रावर बोअरचे पाणी किंवा शेतातली माती तपासता येईल का?

पाणी नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, तिथवर साधे एक्सआरएफ पोचत नाही. मातीतले एकूण जस्त किंवा लोह मिळेल, पण कापसाला किंवा सोयाबीनला त्यातले किती घेता येईल ते कळणार नाही. त्यासाठी माती परीक्षण केंद्रात जा.

शेतात खरेच सोने निघाले तर ते कोणाचे?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीखालच्या खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे शासनाचा असतो, आणि खाणकामाला १९५७ चा खाण व खनिज कायदा लागू होतो. सातबारा तुमच्या नावावर असला तरी खणून विकता येत नाही.

सोन्याचाच पक्का आकडा हवा असेल तर?

फायर ॲसे (fire assay), म्हणजे भट्टीत वितळवून सोने वेगळे काढून तोलायची तपासणी, करून घ्या. सराफ्यातही शेवटचा निवाडा याच पद्धतीने होतो. हॉलमार्क केंद्रात एक्सआरएफ आधी चाचपते आणि क्युपेलेशन (या तपासणीतली क्युपेल नावाच्या भांड्यात शिसे वेगळे करायची पायरी) शुद्धता ठरवते.

दगडासाठी साधारण ३० किंवा ५० ग्रॅम भुकटी घेतात. तिच्यात लिथार्ज (शिशाचे ऑक्साइड), सोडा, टाकणखार, सिलिका आणि थोडे पीठ मिसळून हजार अंशांच्या वर वितळवतात. पिठामुळे लिथार्जमधले काही शिसे सुटते, त्याचे थेंब रसातून खाली उतरताना सोने आणि चांदी गोळा करत जातात. तळाशी शिशाची गोळी मिळते. ती सच्छिद्र क्युपेलमध्ये तापवली की शिसे शोषले जाते आणि मोहरीहूनही लहान मणी उरतो. नायट्रिक ॲसिडने त्यातली चांदी काढून सोने तोलतात, किंवा मणी विरघळवून अणुशोषण यंत्रावर मोजतात. सल्फाइड जास्त असेल तर मिश्रणात सोरा घालावा लागतो, म्हणून एक्सआरएफचे गंधक आणि आर्सेनिकचे आकडे नमुन्याबरोबर पाठवा. मिश्रण ठरवणाऱ्याचे काम सोपे होते.

दगडात डोळ्यांना दिसणारे सोने असेल तर ३० ग्रॅमही कमी पडतात. अशा वेळी अर्धा ते एक किलो भुकटी चाळून, चाळणीवरचा भाग सगळाच्या सगळा आणि खालच्या भागातून दोन नमुने, यांचे वेगवेगळे फायर ॲसे करायला सांगा. पाठवताना पिशवीवर जागा, शिरेची जाडी, कोणत्या भांड्यात दळले आणि एक्सआरएफवर आर्सेनिक किती आले, एवढे लिहा.